थोडंसं मंजे केवढं?

मोतीराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पायात चपला घालत होते. सकाळचे साडेसात झाले असतील. फोनवर त्याची सून सुनीता होती. रडत नव्हती, रडून झालेलं होतं. "काकू, मामाजी गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले. चपला काढल्या, आत जाऊन उतू चाललेलं दूध उतरवलं आणि पुन्हा चपला घातल्या. मी त्याच्याच घरी निघाले होते. आदल्या दिवशीही सुनीताचा एक फोन आला होता, पण त्याचं पुढे सांगते. ते आत्ताच सांगून टाकलं तर हा लेख माझ्याकडून लिहून होणार नाही.

या पुरवणीच्या संपादकांनी मला 'शूर जवानाच्या आठवणी' मागितल्या, कारण मी त्याच्याच गावची, करडीची, शाळेत शिकवते, चार ओळी बऱ्या लिहिते आणि त्याच्या जिवलग मित्राची विधवा आहे. मी त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं की गोड लेख हवा असेल तर दुसरं कोणी बघा, माझा या माणसावर राग आहे. ते हसले. त्यांना वाटलं बाई विनयानं बोलतेय. विनय वगैरे काही नाही. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणत असे आणि मनात नुसता मोतीराम. इथं मनातलं लिहायचं आहे, तेव्हा मोतीरामच लिहीन. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणणारे मला स्मशानातून परतताना पुष्कळ भेटले. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी मोतीराम धानाच्या रोवण्याला चिखल करायला जात नव्हता.

मोतीराम आणि माझे यजमान यशवंत, दोघं एकाच गल्लीतले. एकाच बोडीत म्हशींबरोबर पोहायला शिकले, दहावीत एकाच विषयात नापास झाले आणि एकाच दिवशी भरतीला उभे राहिले. पुढे दोघंही वायरलेसवर. माझं लग्न झालं तेव्हा वरातीत सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडणारा हाच होता. मला तेव्हाच तो आवडला नव्हता. यशवंत सुटीवर आले की हा अर्धी सुटी आमच्या छपरीत, ओसरीवर, काढायचा. आमच्या सगळ्या सुट्या एकत्र केल्या तरी संसार चार महिन्यांचा भरत नाही, आणि त्यातले दोन महिने मोतीराम मध्ये बसलेला. त्या दोघांचं बोलणं ऐकत मी आत भाकऱ्या थापायची. मले, तुले, काहून, कायले... फौजेत इतकी वर्षं काढूनही त्यांची बोली जराही सुधारली नव्हती. मी डी.एड. झालेली. "जरा शुद्ध बोलत जा हो," असं यशवंतना म्हणायची, आणि ते मोतीरामकडे बघून हसायचे. का हसायचे ते मला कित्येक वर्षांनी समजलं. तेव्हा हसायला यशवंत नव्हते.

इकडची, भंडाऱ्याकडची, एक रीत बाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. आमच्याकडे वाईट बातमी बारीक करून सांगतात. कुणाचं घर जळून खाक झालं तर "थोडंसं जळलं." कुणी बैलगाडीखाली सापडला तर "थोडंसं लागलं." आणि माणूस गेलाच असेल तर पाहुण्यांना निरोप जातो, "तब्येत थोडीशी खराब हाय, येऊन जा." निरोप ऐकणारी लेक वाटेतच रडायला लागते. तिला कोणी फसवलेलं नसतं. उभं राहायला, पातळ बदलायला, पोराला शेजारी ठेवायला तेवढा वेळ तिला मिळावा म्हणून बातमी अशी छोटी करून पाठवतात. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. सीमेवर लढाई पेटलेली होती त्या उन्हाळ्यात गावातल्या एसटीडी बूथवर फोन आला आणि बूथवाले काका स्वतः चालत आमच्या दारात आले. मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. ते म्हणाले, "बाई, यशवंतले थोडंसं लागलं म्हणते." मी सूप खाली ठेवलं. सासूबाईंनी आतून विचारलं, "का झालं वो?" मी म्हणाले, "यांना थोडंसं लागलंय." आणि त्या आत होत्या तिथेच मोठ्यानं रडू लागल्या. मी तेवीस वर्षांची होते.

मोतीराम पुढच्या सुटीत आला. मला एवढंच माहीत होतं की यशवंत वरच्या चौकीवर सेटवर होते आणि हा खाली साहेबांजवळ सेटवर होता. म्हणजे शेवटचं बोलणं यानंच ऐकलेलं असणार. मी दुसरं काही मागत नव्हते. पदक, फोटो, पुतळा, कशाशी मला घेणं नव्हतं. मला त्यांचे शेवटचे शब्द हवे होते. मी विचारलं, "भाऊजी, शेवटी काय म्हणाले ते?" मोतीराम म्हणाला, "शेवटी काय म्हणाले ते." आणि गप्प बसला. ही त्याची वायरलेसची सवय. आलेला निरोप आधी जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा, समोरच्यानं होकार दिला की मगच तो पोचला असं धरायचं. गावात येऊनही सुटली नाही. दुकानदार म्हणाला साखर संपली, तर हा म्हणणार, "साखर संपली." पोरं मागून नक्कल करायची. पण माझा प्रश्न परत बोलून तो तिथेच थांबला. "सेट बिघडला होता वैनी, काही आलंच नाही," असं शेवटी म्हणाला. खोटं बोलताना त्याच्या कानाची पाळी लाल व्हायची, हे मला छपरीतल्या पत्त्यांच्या डावांपासून माहीत होतं.

पुढे तो पेन्शनवर आला, आणि एका पावसाळ्यात बघते तर आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, कोणी चिखल करतंय. मोतीराम. न विचारता, न सांगता. परे, धानाची रोपं, उपटून रोवणा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो बैल घेऊन यायचा, पुढे पुढे ट्रॅक्टर घेऊन, सगळी बांधी चिखलून द्यायचा आणि कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, पाय धुवून निघून जायचा. बायांना वाटायचं, केवढा हा मित्रधर्म! मला वाटायचं, हा चोर आहे आणि चोरलेल्या वस्तूचं व्याज भरतोय. मी त्याला कधी चहा दिला नाही. पाणीही त्यानं पाटाचंच प्यावं. दरवर्षी धुऱ्यावर उभी राहून मी विचारायची, "काय म्हणाले होते?" दरवर्षी तो म्हणायचा, "काय म्हणाले होते," आणि पाय धुवायला वाकायचा. गावातल्या काही जिभांना यात भलतंच दिसलं. मी त्यांनाही उत्तर दिलं नाही. एवढा राग पोसायचा म्हटलं की इतरांसाठी फारसा उरत नाही.

त्याची दुसरी सवय याहून वाईट होती. कोणी "थोडंसं" म्हणालं की हा लगेच विचारायचा, "थोडंसं मंजे केवढं?" भाजीवाली म्हणाली थोडीशी शिळी आहे, की "थोडीशी मंजे केवढी?" जावई म्हणाला थोडंसं काम आहे, की "मंजे केवढं?" हे हसण्यावारी जायचं. पण आजाऱ्याच्या घरीही तो हेच करायचा. कोणाच्या सुनेनं हळू आवाजात सांगावं की बुढ्याला थोडंसं बरं नाही, आणि यानं खाटेपाशी उभं राहून विचारावं, "थोडंसं मंजे केवढं? नीट सांग." बाया डोळ्यांना पदर लावायच्या. गावात त्याचं नाव 'केवढं-मोतीराम' पडलं होतं. मला तर ते सरळ सरळ माणुसकीला सोडून वाटायचं. जी रीत माणसाला सावरायला आहे ती हा तोंडावर उसवायचा.

तीन वर्षांपूर्वी गावात त्याचा सत्कार झाला. तोवर आमच्या झाडीबोलीला बरे दिवस आले होते. ज्या बोलीवरून भंडाऱ्याच्या कॉलेजात आम्हाला हसायचे, तिच्यावर आता व्याख्यानं व्हायला लागली होती. मोतीराम स्टेजवर हार घालून बसला होता. नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी आधी अमेरिकेतल्या नावाहो नावाच्या आदिवासी जवानांची गोष्ट सांगितली. महायुद्धात ते आपल्या बोलीत वायरलेसवर निरोप द्यायचे, रणगाड्याला कासव म्हणायचे, पाणबुडीला लोखंडी मासा, आणि शत्रूला अखेरपर्यंत एक अक्षर उलगडलं नाही. त्याच पोरांना लहानपणी शाळेत ती बोली बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची, असंही ते म्हणाले. पुढच्या रांगेत बसले होते मी, शाळेतली बाई. मी साडीचा काठ नीट केला. त्या कासववाल्या जवानांच्या बायकांचं पुढे काय झालं, ते मात्र पाहुण्यांनी सांगितलं नाही. मग म्हणाले, "असाच पराक्रम आपल्या करडीच्या दोन सुपुत्रांनी केला आहे!" टाळ्या पडल्या. माझे यजमान सुपुत्र आहेत आणि त्यांनी काय केलं, हे मला मांडवात खुर्चीवर बसून कळत होतं.

मोतीरामनं माइक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. पलीकडचे लोक यांचे सेट ऐकायचे, हिंदी, पंजाबी सगळं त्यांना समजायचं. लढाईच्या आधीच, दक्षिणेकडच्या एका साहेबांनी या दोघांना लंगरमध्ये भाजीवरून भांडताना ऐकलं आणि विचारलं, ही कोणती भाषा? दुसऱ्या दिवशी एकाला वर पाठवलं, एकाला खाली ठेवलं. दोघांनी मिळून शब्द ठरवले, सगळे धानाचे. छपरीत ते हसायचे ते कशावर, हे मला तेव्हा कळलं. सुरुंग पेरले की रोवणा झाला. दारूगोळ्याचा साठा म्हणजे पुंजणा, धानाच्या भाऱ्यांची रास असते तसा. पलीकडचे लोक म्हणजे रानडुकरं, धान खायला येतात ती. आणि जखमी जवान म्हणजे कडपा. कापलेलं धान बांधीत आडवं पसरून ठेवतात, त्याला आम्ही कडपा म्हणतो. "दोन कडपे पडले, की साहेब दोन स्ट्रेचर धाडे," मोतीराम म्हणाला. लोक भारावून गेले होते. शाळेतली मुलं "रानडुक्कर, रानडुक्कर" म्हणून खिदळत होती. सूत्रसंचालकानं विचारलं, "यशवंतरावांचा शेवटचा निरोप काय होता, काका?" मोतीराम माइकमध्ये म्हणाला, "यशवंतरावांचा शेवटचा निरोप काय होता." मग माइक खाली ठेवून तो बसला. मी उठून घरी आले. मागे कोणीतरी म्हणालं, बाईंना भरून आलं. भरून कसलं येतंय, माझ्या हातात खुर्ची असती तर मी ती फेकली असती.

त्या वर्षीच्या रोवण्याला मी बांधीवर गेले ती ठरवूनच. तो पाय धुवायला वाकला तसं मी म्हणाले, "भाऊजी, ते शब्द माझे आहेत. तुमचे नाहीत, साहेबांचे नाहीत, सत्कार समितीचे तर नाहीतच. आज दिल्याशिवाय या धुऱ्यावरून उतरायचं नाही." मोतीराम माझ्याकडे न बघता बोलला. पंचवीस वर्षं काही जपून ठेवलेला माणूस जसा बोलतो तसं, एका दमात.

"त्यानं म्हणलं, मले थोडंसंच लागलं. वरच्या दोघायले पयले उतरवा. घरी काही सांगू नोको. मी परत बोलून दाखवलं. तो म्हणे, हाव. बस. मंग काही आलं नाही."

मी विचारलं, "आणि तुम्ही साहेबांना काय सांगितलं?"

"साहेबानं विचारलं, क्या बोला? मी म्हणलं, थोडा सा लगा है."

"भाऊजी, तुम्ही करडीचे ना?"

"हाव."

"मग 'थोडंसं' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यानं पायाचा चिखल चोळून काढला. मग म्हणाला, "मालूम होतं वैनी. कडपा म्हणला असता तं मी कडपा सांगतलो असतो. तो घरच्यावानी बोलला. आमाले शिकवलं होतं का जसं आलं तसंच द्याचं, आपल्या मनचं जोडाचं नाही. तोंडातून निंगून गेलं. साहेबानं म्हणलं, थोडा है तो रुकेगा. मी तवाच म्हणाले पायजे होतं का साहेब, आमच्याइकडे थोडंसं मंजे..."

सगळ्या सैन्यात एकच माणूस होता ज्याला ते शब्द कळत होते. त्याला तिथं बसवलं होतं ते त्यासाठीच. पलीकडच्यांना कळलं नाही, साहेबांना कळलं नाही, ते ठीक. आणि ज्याला कळलं त्यानं शब्द तेवढे पोचवले! वरचे दोघे जवान वाचले. त्यांना माझ्या शुभेच्छा. स्ट्रेचर आधी गेलं असतं तर यशवंत वाचले असते का, मला माहीत नाही, मोतीरामलाही माहीत नव्हतं. मरतानासुद्धा रीत पाळणाऱ्या माझ्या नवऱ्याचाही मला त्या दिवशी राग आला. पण गेलेल्या नवऱ्यावर रागावून किती रागावणार, समोर मोतीराम उभा होता. मी म्हणाले, "उद्यापासून माझ्या बांधीत पाय ठेवायचा नाही." तो म्हणाला, "उद्यापासून माझ्या बांधीत पाय ठेवायचा नाही." मी "हो" म्हणाले. निरोप पोचला. पुढचे दोन रोवणे मी भाड्याचा ट्रॅक्टर लावला, आणि तो धुऱ्याच्या पलीकडे रस्त्यावर उभा राहून चिखल बरा होतोय का ते बघायचा. रस्ता माझ्या मालकीचा नव्हता.

या दिवाळीनंतर तो भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आला तेव्हा सगळं गाव बघून आलं. माझ्या घरापासून त्याचं घर चालत सात मिनिटांवर. मी गेले नाही. मग तो आदल्या दिवशीचा फोन. दुपारी तीन वाजता. आमची चुरणी चालू होती, मळणीचं मशीन आलेलं, खळ्यावर सगळीकडे भुसा. सुनीता म्हणाली, "काकू, मामाजीची तब्येत थोडीशी खराब हाय. तुमची आठवण करून राहिले. येऊन जा न." मी इथलीच आहे. बूथवाल्या काकांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेली बाई आहे. मला ते समजलं. पहिल्या अक्षराला समजलं. आणि मी म्हणाले, "थोडीशीच ना? मग उद्या सकाळी येते. आज मशीन आलंय." सुनीता क्षणभर थांबली आणि "बरं" म्हणाली. मशीन मी अर्ध्यात थांबवू शकले असते. दुसऱ्या कोणाला उभं करू शकले असते. मी संध्याकाळपर्यंत तिथंच उभी राहिले, पोत्यांची तोंडं शिवून घेतली, घरी येऊन आंघोळ केली, जेवले. राग होता म्हणून, हे एक कारण. दुसरं म्हणजे, त्यानं केलं ते कसं करता येतं हे मला बघायचं होतं की काय, असं आता वाटतं. करता येतं. फार सोपं आहे. शब्द तेवढे ऐकायचे.

तेरवीला मी गेले, पंगतीत जेवले, कोणाशी बोलले नाही. त्यानंतर आठेक दिवसांनी पुन्हा गेले, का ते विचारू नका. त्याची खाट छपरीत उभी करून ठेवली होती. खुंटीला दुपट्टा तसाच. सुनीता चहा घेऊन आली. मोतीरामच्या घरचा चहा मी इतक्या वर्षांत प्रथमच पीत होते, आणि मी त्याला एकदाही दिला नव्हता, हे तिला माहीत असणार. ती समोर बसली. मीच विचारलं, "काही बोलले का माझ्याबद्दल?" ती म्हणाली, "तुमचा फोन झाला तवा त्यायनं विचारलं, वैनी का म्हणे? मी म्हणलं, उद्या सकाळी येते म्हणते. तं ते म्हणे, उद्या सकाळी येते." होकार कोणी दिला, ते ऐकायला मी थांबले. सुनीतानं खाली सांडलेला चहा पुसला. मग म्हणाली, "मंग माझ्याइकडे पाहून म्हणे, हाव. अन् डोळे मिटले."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. सुनीतानं माझ्या हातातला कप घेतला आणि खालच्या आवाजात विचारलं, "काकू, तुमाले वाईट वाटलं का वो? यशवंतकाका गेले तवाचं... अन् आता मामाजीचं?"

"थोडंसं," मी म्हणाले.

आमच्या गावात यापुढे कोणी काही विचारत नाही. मान हलवतात, पदर सावरतात, दुसरा विषय काढतात. मलाही इतकी वर्षं असंच सोडलेलं आहे सगळ्यांनी, रीतीनं. पण ती या घरात नांदलेली. तिनं कप खाली ठेवला, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "थोडंसं मंजे केवढं?"

माझा मोतीरामवरचा राग गेलेला नाही. पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी उभी केलेली खाट आडवी केली, तिच्यावर बसले आणि सुनीताला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.